चंद्रप्रभाच्या ओव्हनमधला वेणीचा पाव

३ जानेवारी १९८१, शनिवार, तारे दिसल्यावर

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, लेखणी धरत नाही, म्हणून कालचं आज. रूबेन आला — सहा वर्षांनी! धुक्यानं गाडी रखडली. चारबाग स्टेशनवर आम्ही दोघं शालींत गुरफटून शेंगदाणे सोलत बसलो होतो. पोरगा चांगला गुटगुटीत होऊन उतरला. इस्रायलचं पाणी मानवलंय.

संध्याकाळी दिवा लावला. मनुकांचं सरबत, कोंबडीचा रस्सा, आणि पावाच्या जागी दोन चपात्या, वर भरतकामाचा रुमाल. ह्यांनी बराखा, जेवणाआधीची प्रार्थना, म्हटली. पेणला माझ्या आईनंही आयुष्यभर चपातीवरच भागवलं. रूबेननं रुमाल उचलला आणि हसला. "आई, अजून चपातीच? खल्ला नाही?"

खल्ला म्हणजे वेणीसारखा गुंफलेला पाव. तिकडे दर शुक्रवारी घरोघर असतो म्हणे. असेना.

४ जानेवारी

येण्याचं कारण कळलं. आम्हा दोघांना घेऊन जायचंय. कायमचं. "इथं सिनेगॉग नाही, आपलं एक माणूस नाही. शब्बाथ तरी धड होतो का तुमचा?"

हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून सगळ्याला एकच उत्तर देतात — "तुझी आई म्हणेल ते." म्हणजे वाईटपणा माझ्याकडे.

मला नाही जायचं. मोठ्यानं म्हटलं तर म्हातारी हट्टी ठरेल, म्हणून फक्त इथं लिहिते. सिनेगॉग काही मला बांधता यायचं नाही. पाव भाजता येईल.

६ जानेवारी

कृती रूबेनकडूनच काढून घेतली, सहज विचारल्यासारखी. अगदी सोपी! मैदा, यीस्ट, तेल, साखर, मीठ, कोमट पाणी, दोन अंडी. मळायचं, फुगू द्यायचं, वेणी घालायची, भाजायचं.

अडचण ओव्हनची. आख्ख्या गल्लीत एकच आहे — मागच्या घरातल्या चंद्रप्रभाचा. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. चंद्रप्रभा मूळची वाईची. तिचे हरिहरराव इथं संशोधन संस्थेत. आमची गट्टी ती इथं आलमबागला राहायला आली त्या दिवसापासूनची. पण तिच्या उंबऱ्याच्या आत अंडं जात नाही. त्या ओव्हननं नानकटाईपलीकडे जग पाहिलेलं नाही.

"ये की भाजायला," म्हणाली. "फक्त अंडं नको हं, रिबका. तेवढं सांभाळ."

"छे गं," म्हटलं.

८ जानेवारी

बिनअंड्याचा करून पाहिला. रूबेन बाहेर गेला होता ते बरं. पाव कसला, पाटा! ह्यांनी हातात घेऊन वजन केलं. "वॅगन घसरू नये म्हणून चाकाखाली असंच काहीतरी लावायचो आम्ही."

चकाकी नाही ती नाहीच. दुधाचा हात फिरवला असता, पण ताटात कोंबडी असणार, आणि आमच्यात दूध-मांस एका जेवणात चालत नाही.

म्हणजे अंडंच.

१० जानेवारी, शनिवार, तारे दिसल्यावर

काल पुन्हा चपात्या. रूबेननं खाल्ल्या. तिकिटांची चौकशी मात्र करून आला.

१४ जानेवारी

चंद्रप्रभा तिळगूळ घेऊन आली. रूबेननं तिकडच्या घराचे फोटो दाखवले. ती "अच्छा, अच्छा" करत राहिली. नात तिचा पदर ओढत होती. "दादी, घर चलो ना." चंद्रप्रभा म्हणाली, "मृणाल, मराठीत बोल." मृणाल म्हणाली, "हाँ दादी."

दारात चपला घालताना चंद्रप्रभानं हळूच विचारलं, "जाणार का गं तुम्ही?"

"बघू," म्हटलं. आज तिला चपला सापडायला फार वेळ लागला. समोरच होत्या.

१७ जानेवारी, शनिवार, तारे दिसल्यावर

काल काय काय झालं! क्रमानं लिहिते.

सकाळी कणीक — म्हणजे मैदा — अंडी घालून मळला. थंडीत फुगेना, म्हणून पातेलं रजईत गुंडाळून पलंगावर ठेवलं. हे तिथंच आडवे व्हायला निघाले. ओरडून थांबवलं.

मग वेण्या. हात आपोआप चालले. कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या रांगेत सिस्टर बर्नडेट एकेकीची वेणी ओढून बघायच्या. सैल असली की पुन्हा घाला. तीन पेडांचा पीळ बोटांतून अजून गेलेला नाही. लाल रिबिनीच तेवढ्या राहिल्या.

ताट झाकून चंद्रप्रभाकडे. ओव्हन मागच्या व्हरांड्यात, शेजारी अंगीठी, कोळशाची शेगडी, पेटलेली. तिनं कापड उचललं.

"पिवळं कशानं गं?"

"केशर."

"बरंच केशर परवडतं तुम्हाला."

चकाकीसाठी फेटलेलं अंडं छोट्या डबीत, डबी कमरेला. बाहेर कशी काढू? तेवढ्यात ती म्हणाली, "दूध ठेवलंय, बघून येते." देवच पावला. झटपट एका वेणीवर हात फिरवला. ती आली. दुसरी राहिली होती. मी इकडंतिकडं बघतेय, तर ही, "अगंबाई, पुन्हा बघते, उतू जायचं." दुसरीही चमकली.

खरी फजिती पुढे. भाजण्याआधी पिठाचा गोळा तोडून आगीत टाकायचा असतो — तो देवाचा वाटा. मी आधीच तोडून ठेवला होता. तिनं विचारलं, मी सांगितलं. "म्हणजे आमच्यासारखंच की, आधी अग्नीला!" म्हणाली, माझ्या हातातून गोळा घेतला, स्वतः अंगीठीत टाकला आणि हात जोडले. अंड्याचा गोळा! तिच्या अंगीठीत! मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, प्रार्थना.

पाव मात्र असा फुगला की काचेला टेकला.

संध्याकाळी रूबेननं रुमाल उचलला आणि उचललेलाच ठेवला. ह्यांची बराखा झाली, मीठ लावून तुकडे वाटले. त्यानं पहिल्या पावाचा शेवटचा कोपरासुद्धा सोडला नाही. मग म्हणाला, "खरं सांगू? तिकडे आम्ही दुकानातून आणतो. ही कृती शेजारीण सांगत होती ती."

"मग इथं काय कमी आहे?" मी विचारलं.

ह्यांनी ताटावरून मान वर केली. "ऐकलंस? तुझी आई म्हणाली."

२० जानेवारी

रूबेनला चारबागला सोडून आलो. एकटाच गेला. गाडीसाठी उरलेली वेणी दिली बांधून. खिडकीतून म्हणाला, "दर शुक्रवारी करशील ना?" करीन म्हटलं.

घरी आल्यावर जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. आता दर शुक्रवारी चंद्रप्रभाला फसवायचं?

२३ जानेवारी, शुक्रवार, दुपार

दिवा लावायला वेळ आहे. चंद्रप्रभा आत्ता येऊन गेली. पदराआड डबा. उघडला तर कापसात दोन अंडी. जन्मात पहिल्यांदा विकत घेतली, दुकानदाराला "बीमार के लिए" सांगून.

ती म्हणाली, "त्या दिवशी दूध ठेवलंच नव्हतं मी. तू गेली असतीस तर मराठीत भांडले कुणाशी असते?"