शेजारणीचं दार

मिरजगाव, बुधवार, ९ फेब्रुवारी १९७२

सरू आज पुन्हा दवाखान्यात आली. मनगट सुजलेलं. गेल्या आठवड्यात मीच नर्सबाईच्या तोऱ्यात तिला सांगितलं होतं, "नवरा पिऊन आला की वाद घालू नकोस, पोरांना घेऊन शेजारी जा."

ती गेली. शेजारणीनं दार लावून घेतलं.

"तिचा बी मालक पितो, बाई. ती तरी काय करनार?"

सरूचा कुणावरच राग नाही. माझ्यावरही नाही! ते लावलेलं दार मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दहा मिनिटं बोलून मी काय दिलं तिला?

पट्टी बांधताना म्हटलं, "आता माझ्या खोलीवर ये."

ती कसनुसं हसली. "लई लांब हाय, बाई. दोन पोरं कडंवर घिऊन तितकं पळता न्हाई येत."