ऐंशीच्या वर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट... असं लिहायला घेतलं होतं, पण तेच खोटं आहे. फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की अप्पा खुर्ची ओढून माझ्या शेजारीच येऊन बसतात आणि मी हवापाण्यावर बोलत राहतो.

अप्पांचे हात बिघडलेत. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, म्हणून आता बटणं लावलेलाच शर्ट डोक्यातून घालतात आणि मला काही कळत नाही असं समजतात. चालताना पाय फरफटतो. मोठ्या मिनतवारीने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला जातोय, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन केलं तर जे आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही, तेव्हा उशीर करू नका म्हणाल्या. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला सांगितलं की या बाईंनी जन्मात कधी गोल्फची स्टिक हातात धरलेली नाही, त्यांना माझे हात काय कळणार.

रविवारचा त्यांचा नेम तुला माहीत आहे. वेग मोजायचं यंत्र गवतावर ठेवायचं, ड्रायव्हर, म्हणजे ती सगळ्यात लांब स्टिक, जोरात फिरवायची आणि आकडा बघायचा. गेल्या वर्षी आकडा ताशी नव्वद मैल होता. या रविवारी ब्याऐंशी आला. त्यांनी यंत्राला चापट मारली, पुन्हा फिरवली, तर एक्क्याऐंशी. मग स्टिक न पुसताच पिशवीत टाकली. लहानपणी याच गुन्ह्यासाठी त्यांनी माझ्या कानाखाली आवाज काढला होता, ताई. मला ते बघवलं नाही.

भाचीला गोड पापा. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
खिळ्या

९ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

एवढा घोडा झालास, तरी अक्षर अजून पावसात भिजलेल्या मुंगीसारखंच आहे. पत्र दोनदा वाचावं लागलं आणि दोन्ही वेळा रडू आलं.

तू स्टिका दुरुस्त करायला वर्कशॉपमध्ये असतोस ती वेळ साधून मी अप्पांना फोन केला. आधी गोडीत घेतलं, मग भांडले. आई असती तर काय म्हणाली असती, तेही काढून झालं. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून घासून मला एक कळलंय, की हट्टी म्हाताऱ्याला त्याच्याच तोंडाच्या मापाचं काहीतरी द्यावं लागतं. हा माणूस डॉक्टरला मानत नाही, मुलांना मानत नाही, पण त्या यंत्राला मानतो. म्हणून मी त्यांना म्हटलं की ठीक आहे, तुमचं यंत्र सांगेल ते खरं. आकडा ऐंशीच्या खाली गेला, की एक अक्षर न बोलता ऑपरेशन करून घ्यायचं. आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, दिला शब्द.

अप्पांनी शब्द मोडल्याचं मला तरी आठवत नाही. आता थोड्याच रविवारांचा प्रश्न आहे. बापाचा आकडा पडावा म्हणून वाट बघत बसायची वेळ आली, पण मी तेच करणार आहे. तू फक्त त्यांच्या शेजारी उभा राहा आणि मध्ये काही शहाणपण करू नकोस.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, मीही ठेवते.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आतच हे लिहितोय, कारण आनंद पोटात मावत नाहीये. काल अप्पांचा आकडा शहाऐंशी आला!

आता कान इकडे कर. त्यांच्या ड्रायव्हरचा दांडा पंचाहत्तर ग्रॅमचा होता. मी तो काढून पंचेचाळीसचा बसवला. एकूण वजन घटलं की अशक्त हातांनाही स्टिक लवकर फिरवता येते, त्यात जादू काही नाही. पण नुसता दांडा बदलला असता तर त्यांनी हातात घेताक्षणी ओळखलं असतं, कारण चेंडूवर बसणारं हेड हलकं लागलं असतं. मूठ धरल्यावर पलीकडचं टोक किती जड वाटतं, त्यालाच आम्ही स्विंगवेट म्हणतो. त्याचा एक तराजू असतो, आणि अप्पांचा काटा गेली कित्येक वर्षं डी-दोनवर आहे. म्हणून मी मुठीवरचं रबरही बदलून पंधरा ग्रॅमनी हलकं घातलं. मूठ हलकी झाली, की पलीकडचं टोक पुन्हा तेवढंच जड लागतं. काटा बरोब्बर डी-दोनवर! एकूण पंचेचाळीस ग्रॅम गायब आणि हाताला पत्ता नाही. दांड्याला जुन्यासारखा काळा रंग दिला, तो पिवळा पट्टाही ओढला. रबर कडक झालं होतं म्हणून बदललं, एवढंच त्यांना सांगितलं.

तुला माहीत आहे, मी दुरुस्त केलेली प्रत्येक स्टिक ते हातात घेतात, मनगटातून एकदा हलवतात आणि एकोणीस-वीस आहे म्हणून परत देतात. माझ्या कामाला आजवर त्यांनी पूर्ण वीस कधी दिले नाहीत. ही हलवली, काही बोलले नाहीत, सरळ गवतावर गेले. आकडा बघून हसले, ताई. घरी येऊन पोटभर जेवले.

तू रागावशील थोडी, पण मग हसशील. तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

१६ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचताना माझ्या हातातली कवळी फरशीवर पडली आणि समोरचे दोन दात गेले. माझं वाचून तुझं काय झालं ते तुलाच ठाऊक.

मी अप्पांना ज्या आकड्यात बांधलं, तोच आकडा तू वर चढवून ठेवलास. ते आता ऑपरेशन कशाला करतील? कालच फोनवर मला ऐकवलं की शब्द लक्षात आहे, पण हात सुधारतायत, तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळव. आवाजात केवढा तोरा! आणि आत मानेत जे चाललंय, ते तुझ्या काट्याला विचारून थांबणार नाही.

तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला सांगायला नको. पण येत्या रविवारच्या आत जुना दांडा परत बसव. सांगायचं धैर्य नसेल तर सांगू नकोस, नुसता बसव.

काळजीत आहे. लगेच लिही.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं मी काही केलं नाही.

जुना दांडा फळीवरून काढून टेबलावर ठेवला होता. तेवढ्यात अप्पा वर्कशॉपमध्ये आले. दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले की बंद केलेली गोल्फची शिकवणी पुन्हा सुरू करतोय, मैदानाच्या मॅनेजरला सांगून आलो. नवी दाढी केली होती, हनुवटीवर तीन ठिकाणी कापलं होतं. मी दांड्यावर फडकं टाकलं.

ते पाच मैल दांड्याचे आहेत, हातांचे नाहीत, हे मला कळतं. पण हलक्या स्टिकनेही आकडा उतरतोच आहे. पंच्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी. आपोआप ऐंशीखाली जाईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही, अशी मी मनाची समजूत घालतो. ताई, त्यांच्या तोंडावरचं हसू माझ्या हाताने पुसायचं माझ्याच्याने होत नाही. तू सांग ना. मी अडवत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

११ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

सांगायचंच म्हणून फोन केला. अप्पांनी डॉक्टरीणबाईंची नक्कल करून दाखवली, मग शिकायला येणाऱ्या एका जाड्या वकिलाची. इतके खुशीत होते, की मी तिकडे ऊन किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. तुला हवापाण्यावरून हसायची सोय मला उरली नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळतेय. दोघं मिळून समोर बसून सांगू. तोवर त्यांना जपून चालायला लाव आणि जिना एकट्याने उतरू देऊ नकोस.

तुला रागाने लिहिलं होतं, ते मागे घेते. आता आपण दोघं सारखेच.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

रजेची वाट बघू नकोस, निघून ये.

आज सकाळी त्या वकिलाला दाखवायला म्हणून अप्पांनी ड्रायव्हर फिरवला. स्टिक हातातून सुटून लांब गेली आणि ते तिच्यामागे ओढल्यासारखे पडले. मानेला हिसका बसला. शुद्धीवर होते. मला म्हणाले की आधी स्टिक उचल, कोणी पाय देईल. उठवायला गेलो तर हात माझ्या खांद्यावर ठेवता येईना.

दुपारीच ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की इतके दिवस का थांबलात. मी म्हटलं, सुधारत होते. त्यांनी विचारलं, कशावरून? यंत्राच्या आकड्यावरून, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागावल्या नाहीत, आणि त्यानेच मला जास्त लागलं. वेळेवर आणलं असतं तर हात वाचले असते का, असं मी विचारलं. बहुतेक, एवढंच म्हणाल्या.

पडायच्या आधी यंत्रावर एक्क्याऐंशी आला होता. म्हणजे जुन्या स्टिकने ऐंशी केव्हाच मोडला असता.

ये.

खिळ्या

१४ मे

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय आणि खिळ्या लिहितोय, तेव्हा लागलं नाही तर दोष अक्षराचा, मजकुराचा नाही. तू येऊन आठवडाभर राहिलीस, बरं वाटलं. तू गेल्यावर इथे एक मुलगी व्यायाम करवून घ्यायला येते. ती माझी बोटं मिटते आणि सोडली की ती पुन्हा उघडतात. चमचा पट्ट्याने पंजाला बांधतात. निम्मं सूप मला मिळतं, निम्मं शर्टाला. शर्टाची तब्येत सुधारली आहे.

एक बोलायचं होतं. तू इथे असताना भावाशी धड बोलली नाहीस. तोही तुझ्या नजरेला नजर देत नव्हता. माझ्या दुखण्यावरून तुमच्यात काही झालं असेल, तर ते आधी मिटवा. दोष कोणाचाच नाही, असलाच तर माझा. तुला दिलेला शब्द मी पाळला, आकडा ऐंशीच्या वर होता. हात सुधारतायत असं मला मनापासून वाटलं होतं, आणि अजून कळत नाही की माझे हात मला असे कसे फसवून गेले. त्या पोराने माझी फार सेवा केली आहे. त्याला बोल लावू नकोस.

ताई, इथून पुढचं माझं.

या वाक्यावर पेन चालेना. मी ते खाली ठेवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. दांडा, रबर, काळा रंग, पिवळा पट्टा. तू शब्द घेतलास ते मला नंतर कळलं हे सांगितलं, आणि कळल्यावरही मी बदललं नाही, हेही.

ते खिडकीकडे बघत होते. त्यांनी दांडा किती ग्रॅमचा होता ते विचारलं. मी सांगितलं. रबर किती, ते विचारलं. तेही सांगितलं. मग स्विंगवेट कुठे आलं, असं विचारलं. मी म्हटलं, डी-दोन, जुन्याच जागी.

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले की मी ती स्टिक स्वतः हलवून बघितली होती, मला कळलं नाही. आणि मग म्हणाले की काम चोख झालंय, वीस पूर्ण.

त्यानंतर मला बाहेर जायला सांगितलं. सहीसाठी मी त्यांचा हात धरायला गेलो, तर मान हलवली. पत्र आहे तसंच टाक म्हणाले. म्हणून खाली त्यांचं नाव नाही.

लोभ असावा, असं लिहायचा धीर होत नाही.

खिळ्या