मी नवाफला मत दिलं त्याची सात कारणं

आदरणीय हायेलमामा,

सलाम. तुमच्या गुडघ्याला आराम असो, मामींची साखर ताब्यात असो आणि झर्क्यातल्या तुमच्या दुकानापुढे कुणी मेला आडवी गाडी न लावो. इकडे कर्कमध्ये आम्ही सगळे खुशाल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, आणि मला सांगायचंय ते दुसऱ्या वाक्यानंतर सुरू होतं.

तुम्ही मागे विचारलं होतंत, पोरा, कॉलेजात तू नक्की शिकवतोस काय? माणूस मत का देतो, ते शिकवतो. (तुम्ही म्हणालात, त्यात शिकवायचं काय, घरातला वडीलधारा सांगतो म्हणून देतो. मामा, हेच सिद्ध करायला मला सहा वर्षं लागली.) मानसशास्त्र असं सांगतं की माणूस आधी आपली माणसं धरतो, कारणं मागाहून गोळा करतो, आणि वर शपथेवर सांगतो की कारणंच आधी होती. हा आजार सगळ्यांना असतो. ज्याने त्याचा अभ्यास केलाय तो तेवढा सुटतो. म्हणजे मी सुटलोय.

तर यंदा नगरपालिकेला आमच्या भागातून दोघं उभे होते. एक रुबा, पाण्याच्या पाइपांची इंजिनियर. आठवड्यातून एकदा येणारं पाणी तीनदा कसं आणता येईल याचा नकाशा तिने प्रत्येक दारी जाऊन दाखवला. (नकाशा मी चारदा पाहिला. दुसऱ्या वेळेपासून नकाशाकडे लक्ष नव्हतं, हे तुमच्यापासून कशाला लपवू.) पण ती पडली दुसऱ्या घराण्यातली. आणि दुसरा आमचा नवाफ, माझा चुलतभाऊ. त्याचा कार्यक्रम म्हणजे त्याचा स्वतःचा फोटो, खांद्यावर बहिरी ससाणा, तोही उसना आणलेला. आमच्यात कुणालाही विचारा, नवाफ कसा? म्हणतील, निव्वळ ठोंब्या. मग मत कुणाला? नवाफला, आणखी कुणाला!

मी रुबाला छातीठोक सांगितलं, तू काळजी करू नकोस, आमच्या घराण्याची किल्ली माझ्याकडे आहे. किल्ली म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, अबू शिबली. त्यांच्या मागे आमच्याकडची चाळीस मतं. आमच्या शास्त्रात एक युक्ती आहे. आधी छोटं मागावं. माणूस एकदा छोट्याला हो म्हणाला की मोठ्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. तेव्हा मी ठरवलं, चाळीस मागायचीच नाहीत. एकच मागायचं, त्यांचं स्वतःचं. बाकीची एकोणचाळीस मेंढरासारखी मागून येतील.

गेलो. बैठकीत पंधरा-वीस मंडळी भिंतीला टेकून बसलेली. कडू कॉफी आली आणि मी रीतसर पेला तोंडाला न लावता समोर ठेवला. न पिता ठेवलेली कॉफी निवायला लागली की यजमानाचा जीव कसा वर-खाली होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुण्याचं काम केल्याशिवाय तो पेला उचलला जात नाही. मी म्हटलं, आजोबा, मला तुमचं एक मत हवंय, रुबासाठी. त्यांनी हळूच स्वतःचा पेला उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, ‘‘माझंही एक काम आहे रे मुहन्नद. तुझं मत नवाफला दे. तू पी, मी पितो.’’

आता हिशेब बघा मामा. माझं एक, त्यांची चाळीस. मी मनात म्हटलं, म्हातारा पुरता गळाला लागला! आणि घटाघटा प्यायलो.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड कुणी बघत नव्हतं. पेन रुबाच्या नावावर दोनदा गेलं. पण शब्द दिला होता, वीस माणसांसमोर. नवाफपुढे खूण केली आणि बाहेर आलो.

रुबा एका मताने पडली.

अबू शिबलींनी शब्द पाळला होता, अगदी पुरता. स्वतःचं मत रुबाला दिलं आणि बाकी सगळ्यांना नवाफकडे पिटाळलं. मी धावत गेलो, भांडलो. तर म्हणाले, ‘‘तू माझं मागितलंस, ते दिलं. त्यांचं कुठे मागितलंस?’’ म्हणजे मी शब्द मोडला असता तर ती एका मताने निवडून आली असती. हे मी इतक्यांदा मोजलंय की आता मोजवत नाही.

रुबाला मीच जाऊन सांगितलं. सोबत सात कारणं दिली. नवाफ तरुण आहे, शिकेल. घराणं दुखावलं असतं तर पाइप घालायला जमीन कुणी दिली असती? पराभवाने तिचा अनुभव वाढला, वगैरे. पाच आणि सहा तर फारच सुंदर होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ही आत जायच्या आधी सुचली की बाहेर आल्यावर?’’ आणि दार लावलं. (आधी सुचली होती. निदान दुसरं तरी.)

असो. पडलो तरी नाक वर आहे. हा प्रसंग मी पुढच्या सत्रात शिकवणार आहे, नाव बदलून.

तुमचा लाडका,
मुहन्नद

ता. क. खरी गोष्ट राहिलीच. येत्या शुक्रवारी रुबाच्या घरी तिला मागणी घालायला मंडळी न्यायची आहेत. ती हो म्हणाली आहे. माझ्यामुळे नव्हे. अबू शिबली काठी टेकत तिच्या दारात गेले, म्हणाले, ‘‘मी तुला मत दिलं, तुझा नकाशा मला काडीचा कळला नाही, आणि त्या गाढवाने तुला दिलं नाही, कारण तो माझ्याइतकाच हट्टी आहे.’’ ती हसली म्हणे. दोन दिवसांनी मला निरोप आला.

ता. क. २. पण तिची एक अट आहे. मागणीच्या मंडळींत सगळ्यांच्या पुढे अबू शिबलीच हवेत. आमच्यातलं तिचं एकुलतं मत त्यांचंच. मी पाळण्यात होतो तेव्हापासून तो मान तुमचा ठरलाय, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या मन्सफच्या मटणभातात कर्कच्या वाळवलेल्या दह्याच्या जमीदऐवजी पाकिटातली पूड आहे, असं ते तुमच्या तोंडावर म्हणाले त्याला अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून तुम्ही त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, हेही विसरलेलो नाही. तुम्ही त्यांच्या मागे दुसऱ्या जागी बसावं, यासाठी मी नऊ शास्त्रीय कारणं वेगळ्या कागदावर जोडली आहेत.

ता. क. ३. तो कागद आईने काढून घेतला. म्हणाली, माझ्या भावाला शहाणपणा शिकवू नकोस, खरं काय ते लिही. लिहितो. मला फार भीती वाटतेय, मामा. या.