माझी नजर आणि मक्याचं कणीस

१२ ऑक्टोबर १९३८
मेहुण्याच्या, म्हणजे हार्मच्या आग्रहाखातर यंदा अर्ध्या शेतात तो विकतो ते हायब्रिड मक्याचं बियाणं लावलं. एकरी उतारा जुन्या वाणाच्या दीडपट. हार्मला म्हटलं, बरं आहे. जास्त कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो.

१५ ऑक्टोबर
दरवर्षी बियाणं विकत का घ्यायचं? याच पिकातली पाचशे देखणी कणसं निवडून मावतील तेवढी माळ्यावर टांगली. उरलेली झोपायच्या खोलीत. अकरा वर्षं काउंटीच्या मका-प्रदर्शनाचा परीक्षक आहे मी. कणीस बघून सात पिढ्यांची कुंडली सांगतो. बायकोने, गेशाने, आपली गादी उचलून स्वयंपाकघरात नेली. पटलं असणार.

१६ ऑक्टोबर
हार्म येऊन म्हणाला, "दाजी, हा जोम एकाच पिढीचा. दोन वेगळ्या वाणांचं लग्न लावलं की पोरं दांडगी निघतात. त्याच पोरांची लग्नं आपसात लावलीत, तर घराण्यातलं सगळं दुबळेपण वर येतं." धंदा बुडेल म्हणून बोलतोय बिचारा.

५ मे १९३९
सगळं शेत माझ्या बियाण्याचं. उताऱ्याच्या स्पर्धेत नाव घातलं. हार्मनेही घातलंय. त्याला सांत्वनाचे चार शब्द आत्ताच शोधून ठेवावेत.

१८ जुलै
काही ताटं टोपीच्या वर, काही कमरेएवढी. विविधता चांगलीच. गेशा म्हणाली, "शाळेच्या फोटोत बुटके पुढे घ्यायचे राहिले की असंच दिसतं."

२२ ऑगस्ट
वादळ. तिसरा हिस्सा आडवा. हार्मकडे वारा नव्हताच म्हणे. कुंपण तर एकच आहे.

११ ऑक्टोबर
स्पर्धेचा निकाल. हार्म, एकरी पंचाहत्तर बुशेल. मी, अठ्ठेचाळीस. माझं सगळ्यात सुंदर कणीस समितीपुढे धरलं. कोणी हातातही घेतलं नाही. फार वाईट वाटलं.
हार्मने त्याच्या बियाण्याच्या आईबापांची कणसं दाखवली. वाकडी, खुरटी, अर्धे दाणे गायब. मी ती डुकरांना टाकली असती. तसं त्याला सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर
काउंटीच्या प्रदर्शन समितीचं पत्र. यापुढे मक्याचा निकाल रूपावर नाही, वजनकाट्यावर. परीक्षकाची गरज नाही. बारा वर्षांच्या सेवेची कदर म्हणून मला मुरांब्यांच्या टेबलाशी परीक्षक म्हणून बसवलंय.
गेशा म्हणाली, "मान मोठा आहे हो. फक्त बघून नंबर देऊ नका. चाखा."