वर्नासाठी दुसरं पिस्तूल

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. घराच्या संरक्षणाचा कारभार लेखी असावा असं ठरवलं. कारण काल हॅस्केलच्या गॅरेजमधून पालापाचोळा उडवायचं मशीन गेलं आणि फ्रीझरमधलं हरणाचं मांसही गेलं. हॅस्केल आमच्यापासून चौथ्या घरात राहतो. म्हणजे चोर तीन घरं आधी थांबला एवढंच. शेरीफचा माणूस आला, लिहून घेतलं, गेला. लिहून तर मीही घेतोय.

वर्नाला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, मी घाबरत नाहीये, तू ती कॉफी टेबलावर ठेव आधी, सगळी सांडतेय. तिने कप नको इतका भरला होता.

त्याच दिवशी, सायंकाळी.
कपाटातलं पिस्तूल तपासलं. नऊ एमएम, वीस वर्षांची साथ. त्याचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे खेचून सोडली की पहिली गोळी आत बसते. स्लाइड अर्धा इंच आली आणि हातातून सटकली. सात-आठ वेळा. निदान: आतली स्प्रिंग वयामुळे कडक झाली आहे. बत्तीस वर्षं मी लोकांच्या गॅरेजची दारं बसवली. स्प्रिंग या विषयात माझ्याइतकं कळणारा माणूस या काउंटीत नाही.

४ ऑक्टोबर.
स्लाइडला तेल दिलं. फरक नाही. आणखी तेल. आता पिस्तूलच हातात राहीना. तेवढ्यात वर्ना धुतलेले कपडे घेऊन आली. काय चाललंय म्हणाली. म्हटलं, इन्स्पेक्शन. तिने ते उचललं, फडक्याने पुसलं, खट्कन स्लाइड मागे खेचली, आत गोळी नाही ना बघितलं आणि खाली ठेवून विचारलं की रात्री बीन्स करू की बटाटे. शाळेच्या किचनमध्ये वीस वर्षं काढली आहेत तिने, तिथल्या सवयी. शिवाय तेल मुरायला वेळ लागतो. माझ्या तेलाचं फळ तिला मिळालं.
बटाटे.

५ ऑक्टोबर.
तेलाचा परिणाम उतरला.

७ ऑक्टोबर, शनिवार.
निर्णय झाला. घरात दुसरं पिस्तूल हवं. घराला दारं दोन आणि पिस्तूल एक, हा हिशोब मुळातच चुकीचा होता, आजवर कुणाच्या लक्षात आला नाही. दुसरं वर्नासाठी. बाईमाणसाच्या हाताला झेपेल असं, हलकं, सोप्या स्लाइडचं. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी फार काही आणलं नाही. आता आणतो.

तिला सांगितलं. ती म्हणाली, मला पिस्तूल नको, मला चोवीस तारखेला स्प्रिंगफील्डला येणारा नवरा हवाय. हातांच्या नसा बघणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरची वेळ तिने मला न विचारता घेऊन ठेवली आहे. म्हटलं, विषय पिस्तुलाचा चालला आहे.

दुपारी बंदुकांच्या दुकानात गेलो. काउंटरला केन्ड्रा होती. तिचा बाप लॉइड माझ्या हाताखाली शिकला. ती म्हणाली, मिस्टर ऑरिन, मॅडमना घेऊन या, पिस्तूल बुटासारखं असतं, ज्याचा पाय त्यानेच घालून बघायचं. हे पोरगी मला सांगणार! म्हटलं, वर्नाचा हात मला माझ्या हातापेक्षा जास्त माहीत आहे. मग तिने छोटं रिव्हॉल्व्हर दाखवलं. त्याला स्लाइडच नसते, नुसता चाप ओढायचा. वर्नाच्या वतीने ओढून बघितला. एका बोटाने हलेना. दोन बोटांनी थोडा हलला. तिला सांगितलं की हा पीस खराब आहे. तिने दुसरा दिला. तोही खराब. तिसराही. अख्खा लॉटच खराब आलाय असं स्पष्ट सांगितलं. केन्ड्रा म्हणाली, छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप असाच जड असतो, आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मी हात खिशात घातले. दुकानात फार गार होतं.

८ ऑक्टोबर, रविवार.
चर्चनंतर पार्किंगमध्ये डेलमरला, शिकारीतल्या माझ्या जुन्या जोडीदाराला, स्प्रिंगचं सांगितलं. त्याने चारचौघांत माझं म्हणणं माझ्याच तोंडावर मारलं. म्हणाला, अरे, जुनी स्प्रिंग सैल पडते, कडक कुठली होतेय, हे तूच मला माझ्या गॅरेजच्या दारापाशी उभं राहून अर्धा तास समजावलं होतंस. म्हटलं, दाराची स्प्रिंग वेगळी, पिस्तुलाची वेगळी. तो म्हणाला, बरं बाबा. त्याचं हे बरं बाबा मला पटत नाही.

मग त्याने विचारलं, यंदा हरणाच्या शिकारीला कॅम्पवर कधी येतोस? गुडघा दुखतो म्हणून मी सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. पण सांगायला बरा पडतो.

संकल्प: उद्यापासून रबरी चेंडू रोज शंभर वेळा दाबायचा. दोन्ही हातांनी.

९ ऑक्टोबर.
चौदा वेळा. चेंडू डेलमरच्या कुत्र्याचा आहे. चावून चावून त्याचा दम गेलेला. अशा चेंडूवर व्यायाम होत नाही.

१० ऑक्टोबर.
नवा चेंडू आणला. नऊ वेळा. हा फारच नवा आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार.
वर्नाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिला शिकवायला, अर्थात. मोकळ्या माळावर दुकानाचीच रेंज, वारा भणाणत होता. केन्ड्राने मोठं पिस्तूल भाड्याने दिलं. वर्नाने पाच गोळ्या झाडल्या, पाचही माझ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मग म्हणाली, झालं? ओव्हनमध्ये ॲपल-पाय आहे, उशीर नको.

माझी पाळी. माझा कागद कोरा राहिला. शेजारच्या माणसाच्या कागदावर एक भोक जास्त निघालं. त्याने ते मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. उजेड समोरून होता. चष्म्याचा नंबरही बदललेला असणार. दुसऱ्या फेरीला वर्ना मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या कोपरांखाली हात लावून धरले. लग्नाच्या आधी मी तिला असंच धरून शिकवलं होतं. म्हटलं, हे काय करतेस? म्हणाली, थंडी वाजतेय मला.

थंडी होतीच.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी १०.
स्प्रिंगफील्ड रद्द. चोर मोकाट असताना घर सोडून दोन तास लांब जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. वर्नाला तसं समजावून सांगितलं. ती बाहेर जाऊन गाडीत बसली. इंजिन चालू. मी खिडकीतून बघत होतो. वीस मिनिटं बसली. मग इंजिन बंद करून आत आली, कोट टांगला आणि सिंकमधली भांडी घासली. स्वच्छ भांडीसुद्धा.
भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.
सविस्तर लिहितो, पुढे शेरीफला लागेल.

दोन वाजता, वर्ना शाळेत असताना, मागचं दार कुणीतरी हलवलं. मी एका सेकंदात सावध. पिस्तूल काढलं. काढायला थोडा वेळ लागला, कपाटाची मूठ निसरडी आहे. स्लाइड ओढली. नाही. टेबलाच्या कडेला अडकवून रेटली. नाही. मग किचनमध्ये खुर्चीवर बसलो, पिस्तूल दोन गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. खुर्ची सरकली. मी खाली.

दाराच्या काचेतून हॅस्केल बघत होता.

त्याने दार उघडलं. कुलूप लावलेलंच नव्हतं म्हणाला. मला बगलेत हात घालून उठवलं, पिस्तूल टेबलावर दूर ठेवलं, मला पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांनी धरायला लावला, म्हातारी माणसं धरतात तसा. तो खरं तर सांगायला आला होता की चोरी झालीच नाही. मशीन त्याच्या मेहुण्याने नेलं होतं, आणि मांसही त्यानेच खाल्लं. महिनाभर काउंटीत चोर नव्हताच.

त्याने विचारलं, वर्नाला फोन करू का? मी नको म्हटलं. त्याने केला.

त्याच दिवशी, सायंकाळी.
वर्ना ओरडली नाही. माझं कोपर खरचटलं होतं, त्याला पट्टी लावली. म्हणाली, चल, घेऊ या तुझं ते दुसरं पिस्तूल. म्हटलं, माझं नाही, तुझं. म्हणाली, हो हो, माझं.

चोर नाही म्हणून बेत सोडायचा नाही. आता तत्त्वाचा प्रश्न आहे. माझी योजना शेवटी तिला पटली.

४ नोव्हेंबर, शनिवार.
दुकानात दोघं. नीट लिहून ठेवतो, कारण मला याचा अर्थ लावायचा आहे.

केन्ड्राने आत जाऊन एक पिस्तूल आणलं. लहान काडतुसाचं, स्लाइड अगदी मऊ. शेजारी त्याच्या जाहिरातीची पाटी होती, त्यावर एक हसणारी आजीबाई. मी पाटीकडे पाठ केली. वर्नाने काउंटरवर कोपर टेकून केन्ड्राला सांगितलं, पोरी, माझ्या हातांत आता काही ताकद राहिली नाही बघ, तुझ्याकडचं सगळ्यात हलकं दे. ही बाई शाळेत बटाट्याची पोती एकटी उचलते. केन्ड्राला माहीत आहे, ती त्याच शाळेत जेवून मोठी झाली. तरी ती म्हणाली, हो मॅडम, वयाने होतं असं.

मग वर्नाने स्लाइड ओढायचं नाटक केलं. तोंड वाकडं केलं, अगं आई गं म्हणाली, अर्ध्यावर सोडली. वाईट नाटक. तिला कधीच जमलं नाही खोटं. मग पिस्तूल माझ्याकडे दिलं, बघ बरं तू.

आली. पूर्ण मागे आली आणि हातात राहिली. महिनाभरात पहिल्यांदा. मी ती सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा आली. दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि मी तिसऱ्यांदा ओढली. फार आनंद झाला. बासष्टाव्या वर्षी दुकानात उभं राहून एवढा आनंद होऊ नये.

म्हटलं, वर्नाला चालेल हे.

मग सरकारी फॉर्म. मी पुढे ओढला, घरातली खरेदी मीच करतो. चौकोनांत नाव लिहायचं. माझं आडनाव दोन ओळींवर पसरलं. केन्ड्रा म्हणाली, खाडाखोड चालत नाही मिस्टर ऑरिन, सरकार फॉर्म परत पाठवतं. दुसरा फॉर्म. काउंटर हलत होतं. तिसरा. पेन घसरत होतं. मागे दोन माणसं शिकारीच्या परवान्यासाठी थांबली होती, त्यांनी उगाच हातमोज्यांच्या किमती बघायला सुरुवात केली. चौथा फॉर्म केन्ड्राने माझ्यासमोर ठेवलाच नाही. वर्नासमोर सरकवला. पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं: हे शस्त्र तुम्ही स्वतःसाठी घेताय का? म्हणाली, ज्यांचं आहे त्यांनीच भरायचा, तो नियमच आहे. आणि हे तर मॅडमचंच आहे ना?

महिनाभर मीच त्या दुकानात सगळ्यांना सांगत होतो, वर्नासाठी, वर्नासाठी. नाही, माझं आहे, असं म्हणायला फक्त तीन शब्द लागत होते. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

वर्नाने पेन उचललं आणि थांबली. माझ्याकडे बघत होती.  मागची माणसं हातमोज्यांची दुसरी रांग बघू लागली.

मी म्हटलं, हो, तिचंच आहे.

तिने भरला. सुंदर अक्षर. चौकोनाच्या बाहेर एक रेघ नाही. पाच मिनिटांत वरून होकार आला. पिस्तूल वर्नाचं झालं, कायद्याने.

५ नोव्हेंबर, रविवार.
संरक्षणाची नवी योजना वर्नाने लिहून फ्रिजवर लावली. कुणी आत शिरलं तर पिस्तूल वर्ना घेणार. जुनं पिस्तूल कुलपात, किल्ली वर्नाकडे. ऑरिन: फोन. माझं नाव एवढ्यासाठीच. तिला म्हटलं, सैन्यात याला कम्युनिकेशन म्हणतात, फार महत्त्वाचं खातं. ती म्हणाली, म्हणून तर तुला दिलं.

सराव केला. आणीबाणीचा नंबर उगाच लावता येत नाही, म्हणून वर्नाच्या मोबाइलचा लावला. पहिल्यांदा चर्चचं ऑफिस लागलं. पास्टरने विचारलं, सगळं ठीक ना ऑरिन? ठीक आहे म्हटलं. दुसऱ्यांदा पुन्हा पास्टर. आता त्याने येऊ का विचारलं.

७ नोव्हेंबर.
वर्नाने नवा फोन आणला. बटणं बिस्किटांएवढी. हा मात्र चांगला बनवलाय. नंबर तिसऱ्या प्रयत्नात लागला.

११ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.
हरणाचा सीझन उघडला. पहाटेपासून डोंगरावर बार ऐकू येतायत. कुठला बार डेलमरचा ते मला ओळखू येतं. तो एक मारून थांबतो, मग बराच वेळ काही नाही. सकाळभर खिडकीत बसून ऐकलं. वर्नाने दोनदा विचारलं, गुडघा कसा आहे? बरा आहे म्हटलं.

जेवायला पोर्क चॉप होतं. वर्नाने माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि चॉपचे बारीक तुकडे करायला लागली. बोलत होती भलत्याच विषयावर, शाळेतल्या नव्या डिशवॉशरवर. माझ्याकडे बघतही नव्हती. तुकडे करून ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं.

सुरी बोथट आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ती थांबली, काय म्हणतोस म्हणाली.

म्हटलं, सुरीला चांगली धार आहे. माझे हात चालत नाहीयेत, वर्ना.

ती म्हणाली, माहीत आहे. खा, गार होतंय.