स्वभावाचं बोलायचं नाही

१३ जानेवारी २०२५, सांगली
भोगीची भाजी केली. विशूनं दोनदा मागून घेतली. खुनाची केस चालू आहे आणि याला भूक लागते! आई म्हणाली, "निर्दोष माणसालाच लागते." असेल. माझा धाकटा भाऊ आहे तो. तो जामिनावर सुटला म्हणून तर मी शाळेतून रजा काढून साताऱ्याहून इथे, विश्रामबागेत येऊन राहिलेय.

त्याची बायको ऋचा गच्चीवरून पडून गेली. टाकीत पाणी किती आहे बघायला वर गेली होती. विशू म्हणतो, मी खाली होतो. तिचे भाऊ म्हणतात, यानंच ढकललं. पाहिलं कुणीच नाही.

२० जानेवारी
अजमल वकील येऊन गेले. आपल्या बाजूनं नानासोंची साक्ष होणार. नानासो म्हणजे आईचे मामेभाऊ, कवठे महांकाळकडच्या एका गावाचे सरपंच होते. तेही आले होते. त्यांच्या घरच्या लग्नात ऋचा चक्कर येऊन पडली होती, तेवढंच त्यांनी सांगायचं.

वकील त्यांना म्हणाले, "नाना, चक्करेचं बोला आणि खाली उतरा. विश्वजित माणूस कसा, ते काढायचं नाही."

मी उखडलेच. चांगला आहे तर सांगायचं का नाही?

"ताई, आपण चांगलं सांगितलं की समोरच्यांना वाईट सांगायची वाट मोकळी होते. तोवर कायद्यानं त्यांचं तोंड बंद आहे."

"वाईट काय आहे सांगण्यासारखं?"

वकिलांनी आईकडे पाहिलं. आई चहा ठेवायला उठली. चहा सगळ्यांच्या पुढ्यात होता!

२१ जानेवारी
आईला विचारलं. "वकिलांचं काय ऐकतेस!" म्हणाली आणि देवापुढे जाऊन बसली.

३ फेब्रुवारी
वाटोळं केलं नानासोंनी!

जन्मभर सत्काराची भाषणं ठोकलेला माणूस. चार लोक समोर गप्प बसलेले दिसले की यांना राहवत नाही. चक्करेचं सांगून झालं. अजमल वकील खाली बसले. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, मला काही विचारायचं नाही. संपलं होतं सगळं! तर यांनी कठडा धरला, खाकरले— "आनि येक सांगतो साहेब. पोरगं लय गुनाचं हाय. बायकूवर कवा आवाज चढवला न्हाई. आमच्या पंचक्रोशीत असा माणूस घावायचा न्हाई!"

अजमल वकील "नाना, बास!" म्हणेपर्यंत वकीलबाई पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

"कोणत्या बायकोवर? पहिल्या की दुसऱ्या?"

वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, चांगुलपणाचा विषय तुमच्याच साक्षीदारानं काढलाय. मग बाईंनी पाटणच्या कोर्टाचा जुना निकाल पुढे केला. पहिली बायको चारुलता. मारहाण, छळ. सहा महिने कैद.

कैद! मला सांगितलं होतं, पटलं नाही, समजुतीनं मोकळे झाले. आणि ते सहा महिने? कंपनीनं सुरतेला पाठवलंय म्हणे! मी सुरतेची साडी आण म्हणून निरोप धाडला होता. साडी आलीही. आईनं कुठून आणली असेल ती?

बाहेर नानासो रडकुंडीला आलेले. "आवं, मी चांगलंच बोललो की! उभं राहून काय वंगाळ बोलायचं?" त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि कीवही आली.

४ फेब्रुवारी
विशू निवांत पेपर वाचत होता. "ताई, चुकलं माझं तेव्हा. पण त्याचा ऋचाशी काय संबंध?" वकीलही हेच म्हणतात. कायद्यानं बरोबरच असणार.

मग पेपर घडी करून म्हणाला, "टाकीचं झाकण वाजतंय. चल वर, बघू."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. माझा गुडघा ठणठणीत आहे.

९ फेब्रुवारी, पाटण
आईला शाळेचं काम सांगून चारुलताकडे गेले. शिवणकाम करते. मला पाहून मशीन थांबवलं. "नणंदबाई, आत्ता वाट सापडली?"

मान वर करवेना. ती मात्र सरळ बोलली. "मारायचा ते कोर्टात सांगितलं. शेवटचं न्हाई सांगितलं. टाकीचं झाकण वाजतंय, वर चल म्हणाला. कठड्याशी नेलं आनि पाठीवर हात टेकला. तेवढ्यात शेजारच्या हाजराबी वाळवण उचलायला त्यांच्या गच्चीवर आल्या. हात काढून हसला त्यांच्याकडं बघून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नवऱ्यानं पाठीवर हात ठेवला म्हणून?"

तिनं दिलेलं पाणी हातात तसंच राहिलं. झाकणाचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
सगळं वकीलबाईंना सांगितलं. माझंही झाकणाचं. चारुलताची साक्ष घ्या म्हणून त्यांनी अर्ज दिला. नामंजूर. न्यायाधीश म्हणाले, हे तेव्हाच्या तक्रारीत नाही, इतकी वर्षं ती बोलली नाही, हाजराबी हयात नाहीत. माझं तर काय, भावानं बहिणीला झाकण बघायला बोलावलं!

आईनं माझी बॅग अंगणात आणून ठेवली. "सख्ख्या भावावर उठलीस, अपूर्वा." साताऱ्याला परत.

२८ मार्च
निकाल. सुटला.

न्यायाधीश म्हणाले, आधी बायकोला मारलं एवढं शाबीत आहे. पण माणूस वाईट म्हणून हेही त्यानंच केलं, असं धरता येत नाही. मागे उभी राहून ऐकलं. खोटं तरी कसं म्हणू? तसं धरलं तर एकदा चुकलेल्याला कुणीही कशातही अडकवेल. ऋचाची आई माझ्याकडेच बघत होती.

विशू बाहेर आला, सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मी मागे सरकले. सगळ्यांनी पाहिलं. पाहू दे!

२ एप्रिल
आईचा फोन नाही. मीही केला नाही.

२० एप्रिल
फोन. अनोळखी नंबर. पलूसकडचे कुणी भाऊसो. आईनं त्यांच्या मुलीला विशूसाठी मागणी घातलीय! नंबर नानासोंनी दिला म्हणे. "कोर्टानं सोडलंय म्हन्त्यात, ते असू द्या. तुमी सख्खी बहीण. पोरगा स्वभावानं कसा हाय, तेवढं सांगा ताई."

मी दार लावून घेतलं आणि चारुलतापासून सुरुवात केली.