बुरशी लागलेला तुकडा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. चिखलीतल्या तुमच्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तास संपले की तुमच्याकडे यायचे. घरगुती फिल्मची जुनी रिळं जोडायला तुम्ही शिकवलंत. दोन्ही टोकं जोडयंत्राच्या दात्यांवर बसवायची, सरळ कापायची, वर टेप दाबायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. "हललेलं काप, अंधारलेलं काप," तुम्ही म्हणायचात, "माणूस नको कापू. फिल्मीत आला तो आला." हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत फिरले.

आईची गोष्ट मीच तुम्हाला सांगितली होती. ती सात वर्षांची असताना, आजी ज्यांच्या शेतात राबायची त्या मालकांच्या अंगणात पोळ्याला बैल आले, मालकांनी कॅमेरा चालू केला. आम्ही बौद्धवाड्यातले, म्हणून मालकीणबाईंनी आजीच्या पदरात पुरणपोळी वरूनच टाकली. पोळी पदराबाहेर पडायला लागली तशी आईनं झेलली आणि दोघी मायलेकी हसल्या. आईचा लहानपणीचा एकही फोटो नाही. "मी आहो ना त्या फिल्मीत," ती म्हणते.

थोड्याच दिवसांनी तुम्ही दोन टोकं माझ्या हातात देता. "मधल्याले बुरशी लागली व पोरी, काढून टाकलं. जोड हे." कोणाचं रीळ, मी विचारत नाही. जोड भिंगाखाली पाहून तुम्ही म्हणता, "जमलं तुले." तुमची ती पहिली शाबासकी.

आता मी बुलढाण्यात जुनी रिळं कॉम्प्युटरवर उतरवून देते. मागच्या महिन्यात मालकांचा नातू एक रीळ घेऊन आला. मी आईला बोलावून शेजारी बसवलं. बैल अंगणात आले आणि एकदम फाटकाबाहेर दिसले.

"इथंच होतो न व आम्ही," आई म्हणाली. "कुठं गेलो?"

"ते पप्पानं काढाले लावलं होतं, मावशी," नातू मोकळेपणानं म्हणाला. "ते वरून टाकणं बरं नाही दिसत ना."

मी फिल्म हातात घेतली. जोड माझाच होता. दोन्ही बाजूंची फिल्म काचेसारखी स्वच्छ. बुरशी अशी एका चित्रावर येऊन थांबत नाही, पसरत जाते, हेही तुम्हीच शिकवलेलं. मालकांच्या मुलाला नाही म्हणणं तुम्हाला जमलं नसेल, तेवढं मी समजून घेईन. पण सर, त्यासाठी माझे हात काऊन वापरले?

"तुकडा असंल का कुठं?" आईनं विचारलं. मी तुमच्या मुलाला फोन केला. स्टुडिओ आवरताना सगळं भंगारात गेलं, म्हणाला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक लिहून टाकते. पडद्यावर बैल अंगणातून फाटकाबाहेर गेले तेव्हा माझ्या मनात आधी आलं, किती साफ जोड आहे, चित्र जरासुद्धा थरथरलं नाही. आई बोलली, तेव्हा कुठे मला ती आठवली.